मुक्या जागी तुटलेली कॅसेट

कुणी जुनी कॅसेट आणून दिली, की सर आधी तिच्या भोकात करंगळी घालून चाक थोडं फिरवून बघायचे. मग म्हणायचे, "हलून राह्यली. म्हंजे जीव आहे."

वणीच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी मराठी. पुढे शेजारीही झालो. निवृत्त मास्तर तुम्हीही पाहिले असतील. कुणी प्लॉट घेतो, कुणी योगासनांचा वर्ग काढतो. आमच्या सरांनी जुने कॉम्प्युटर धरले. पूर्वी टीव्हीला जोडायचे छोटे घरगुती कॉम्प्युटर असत. त्यांचे प्रोग्राम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर साठवत. वाजवल्या, तर नुसती किंचाळी ऐकू यायची. सर ती किंचाळी लॅपटॉपमध्ये भरून घेत, तिची फाइल बनवत आणि जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर चालवत.

"काहून करता सर हे?" मी एकदा विचारलं.

"कोणीतरी बसून लिवलं होतं ना, मॅडम. वाया कायले जाऊ द्याचं?"

मारेगावची नसीम त्यांच्याकडे आली ती अशीच एक कॅसेट घेऊन. तिचे वडील आखातात नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी तिकडून कॉम्प्युटर आणला आणि लेकीसाठी पाढ्यांचा खेळ लिहिला. पुढे ते तिकडेच वारले. मशीन भंगारात गेलं, कॅसेट राहिली.

"उत्तर चुकलं का अब्बा मले एका नावानं हाक मारत, पडद्यावर," नसीम म्हणाली. "ते नाव मी विसरली. अम्मीले तेव्हा वाचता येत नव्हतं. तिलेही माहीत नाही."

सरांनी करंगळी घातली. चाक फिरलं. पण नसीम गेल्यावर टेपमध्ये लावल्याबरोबर फीत अडकली आणि तटकन तुटली. मी तिथेच होते. सरांचा चेहरा उतरला. नसीम घरी पोचली असेल अशा बेताने त्यांनी स्वतःच फोन लावला.

"पोरी, माह्या हातानं तुटली. तुह्यापासून लपवत नाही."

पलीकडून नसीम म्हणाली, "जोडून पाहा सर. घरी तरी पडूनच होती."

सरांनी टोकं सरळ कापून बारीक चिकटपट्टीने जोडली, फीत दुसऱ्या कॅसेटच्या डबीत बसवली. मायलेकींना बोलावून घेतलं. मलाही म्हणाले, "या मॅडम, मले एकट्याले भेव वाटते."

कॅसेट सुरू झाली. आधी एक लहान किंचाळी, मग शांतता. त्या शांततेत जोड सरकल्याचा 'टक' असा आवाज आला आणि त्यानंतर मोठी किंचाळी सुरू झाली. सरांनी डोळे मिटले.

"मुक्या जागी तुटली होती," ते हळूच म्हणाले. "दोन किंचाळ्यायच्या मधात. एक अक्षरही गेलं नाही."

फाइल उघडली. सात आठे किती, असं पडद्यावर आलं. नसीमने मुद्दाम चुकीचं उत्तर टाकलं. खाली रोमन अक्षरांत ओळ उमटली. तिने ती आईसाठी मोठ्यानं वाचली, "फिर से करो, मैना."

नसीम दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती की रडत होती, कळलं नाही. सर मात्र खुर्चीतून उठले आणि सरळ फरशीवर आडवे झाले. म्हणाले, "मॅडम, चहा सांगा. साखर घालून."

सर आता चंद्रपूरला मुलीकडे राहतात. त्यांच्या घरात भाडेकरू आहेत. पण त्या घरावरून जाताना मला आठवतो तो त्या दुपारचा शेवट. चहा झाल्यावर नसीमच्या अम्मीने विचारलं, "त्यायचा आवाज नाही का त्यात?"

"नाही ना," सर म्हणाले. "नुसती ते किंचाळी आहे."

"तेच लावा मंग."

सरांनी लावली. आम्ही कानांवर हात ठेवले. अम्मी मात्र जवळ सरकून बसली.

"ते हे लावत, का मी सैपाकघरातून भांडत होती, बंद करा म्हणून," ती म्हणाली.

फीत संपत आली तशी सरांनी बटणाकडे हात नेला. अम्मीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "राहू द्या. वाजू द्या."