रज्जाकभाईंचे तीनशे फूट

"हेलिकॉप्टर अगदी माझ्या खालून गेलं! टॉवर, तुम्ही करताय काय?"

शिकाऊ विमानातले इन्स्ट्रक्टर रेडिओवर ओरडत होते. टॉवरमध्ये मी एकटी. समोरच्या कागदी पट्ट्यांवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: हेलिकॉप्टर एक हजार, विमान दीड हजार. मधे पाचशे फूट. मग जवळून गेलं कसं?

दोघांना एकामागून एक उतरवलं. 

हेलिकॉप्टरचे कॅप्टन किनाऱ्याच्या सर्व्हेसाठी यायचे. त्यांना खाली गाठलं.

"कॅप्टन, अल्टिमीटरला काय सेट होतं?"

"नेहमीचंच. इथे जमिनीवर झीरो. रज्जाकभाईंना माहीत आहे."

अल्टिमीटर म्हणजे उंची दाखवणारा काटा. तो हवेच्या दाबावर चालतो, आणि शून्य कुठे धरायचं ते पायलट बटण फिरवून ठरवतो. आमच्याकडे सगळ्यांनी समुद्रसपाटी धरायची, हा नियम. पण आमची धावपट्टी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, समुद्रापासून तीनशे फूट उंच. हे कॅप्टन सड्यालाच शून्य धरत. त्यांचे एक हजार म्हणजे खरे तेराशे. माझे पाचशे फूट दोनशेवर आले होते.

रज्जाकभाई आमचे सीनियर कंट्रोलर. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर, मिरकरवाड्याला घरी. फोन केला.

"अगो, तो थाउजंड म्हणाला की मी तेराशे लिहितो. दोन वर्षं झाली."

"त्यांना टोकलं नाहीत?"

"टोकलं ना! चारदा टोकलं. ऐकत नाय. म्हटलं, रोज भांडत कशाला बसू? आपणच तीनशे मिळवू. तुला सांगायचं राहिलं बघ. चुकलंच माझं."

टॉवरचे प्रमुख, आमचे साहेब, त्यांना तेवढंच हवं होतं. "रिपोर्टात रज्जाकच्या नावावर लिही. प्रकरण मिटेल. तुला काही होणार नाही."

रज्जाकभाईंचं लायसन्स गेलं तर नोकरी गेली. घरात मिळवते ते एकटेच.

मी आमच्या कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहिते. पत्रकात शत्रू एकच असतो, वर मोठ्या टायपात. तो मला सापडलाही होता. रुजू झाले तेव्हा मी दोन दिवस रज्जाकभाईंच्या शेजारी बसू द्या म्हणून मागितलं होतं. साहेब म्हणाले होते, "एका माइकला दोन माणसं कशाला?" रिपोर्टभर तेच ठोकून द्यावं असं वाटत होतं.

पण रेडिओवरच्या बोलण्याची टेप ऐकली. काटा लावायला हवेच्या दाबाचा आकडा कंट्रोलर सांगतो, पायलटने तोच परत म्हणायचा. नाही म्हटला तर म्हणवून घ्यायचा. कॅप्टन नुसते "रॉजर", म्हणजे "ऐकलं", म्हणाले होते. मी सोडून दिलं होतं.

रिपोर्टात पहिली चूक माझी लिहिली. दुसरी कॅप्टनची. तिसरी, मला जोडीने ड्युटी नाकारणाऱ्या टॉवरप्रमुखांची. शेवटी रज्जाकभाईंची, पण त्यांनी चारदा टोकल्याचंही लिहिलं.

साहेब भडकले. "माझं नाव कशाला?"

"नाव नाही साहेब, हुद्दा आहे."

"मी हे वर पाठवणार नाही."

"मग मी पाठवते. प्रत काढून ठेवलीये."

चौकशी झाली. कॅप्टनना पुन्हा टेस्ट द्यावी लागली. मला महिनाभर माइकवरून उतरवलं. रज्जाकभाईंना मेमो मिळाला, लायसन्स राहिलं. साहेबांना काहीही झालं नाही, त्याबद्दल पत्रक निघालं.

रज्जाकभाईंनी रिपोर्ट वाचून विचारलं, "स्वतःला पहिलं कशाला घातलंस गो?"

"माइक माझ्या हातात होता ना."

 त्यांनी मेमो घडी घालून खिशात ठेवला.

आता नवा माणूस दोन दिवस जुन्याच्या शेजारी बसतो. रज्जाकभाई मनात काही मिळवत नाहीत. आकडा परत म्हणवून घेतात, पायलट चिडेपर्यंत. चिडलेला पायलट चालतो. गृहीत धरलेली उंची चालत नाही.