जावईबापूंचा बंदरातला दिवस

आमचे जावईबापू, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, जहाजावर खोल्या आवरतात. नुसतं ‘जहाजावर असतात’ म्हटलं की लोकांना वाटतं कप्तानच असतील, आणि मीही पुष्कळदा तो गैरसमज तसाच राहू देते. जहाज प्रवासी आहे, अख्खं गाव पोटात घेऊन फिरणारं. लोक सुट्टी घालवायला त्यावर चढतात, नव्या नव्या बंदरात उतरतात, आणि ते उतरले की जावईबापू त्यांच्या खोल्यांत शिरतात. पाहुणे परत येईपर्यंत चादरी बदललेल्या, आरसे लखलखीत, चपला जोडीने लावलेल्या. आवरणारा मात्र कुठेच नाही. “आपण कुणाला दिसलो नाही म्हणजे काम चांगलं झालं,” असं ते एकदा मला मोठ्या अभिमानाने सांगत होते. मी म्हटलं, “मग घरी तर तुम्ही फारच चांगलं काम करताय!” ते मनापासून हसले. टोमणा त्यांना लागतच नाही. आता याला गुण म्हणायचं की दोष, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

लहानपणी आईवडील गेल्यावर ते काकांच्या लाँड्रीत वाढले. काकू वाईट नव्हती, पण घर दोन खोल्यांचं आणि माणसं सात. आपण कुणाच्या पायात येऊ नये, आपली कुणाला अडचण होऊ नये, हे त्यांनी तिथेच शिकून घेतलं. लग्न होऊन आमच्याकडे राहायला आले तेव्हा जेवायला वाढलं की पहिल्यांदा ‘पुरे’ म्हणायचे आणि मग घास घ्यायचे. मला वाटायचं, हळूहळू मोकळे होतील. तेवढ्यात जहाजाची नोकरी लागली. “दोन वर्षं करतो आणि येतो,” म्हणाले होते. त्या दोन वर्षांना शेपूट फुटत गेलं. एक करार संपला की थोडी सुट्टी, मग पुढचा करार.

धाकटीने पहिली काही वर्षं हौसेने काढली. नंतर ती गप्प होत गेली. मी तळमजल्यावर शाळांचे गणवेश शिवते आणि ती माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे तिची पावलं मला पाठ आहेत. कधी कधी अख्खा रविवार वरून पाऊलच वाजत नसे. मग मी काहीतरी निमित्त काढून जिना चढायची.

गेल्या वर्षी तिला दुसऱ्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा चालून आली. राहायला तिथेच खोली, शंभरएक मुली, दिवसभर गजबज. तिने मला स्वच्छ सांगितलं, “ताई, ते घरी येणार असतील तर मला ही नोकरी नको. खालच्या कोपऱ्यावर दुकान घेऊ, लाँड्री टाकू. त्यांना येतं ते काम. पण ते पुन्हा जाणार असतील तर मी या घरात एकटी राहणार नाही. कुलूप लावून जाईन.”

नेमकं त्याच महिन्यात जहाज आमच्या बंदरात येणार होतं. एका हंगामात एकदोनदा येतं, सकाळी लागतं आणि दिवस कलायच्या आत सुटतं. जावईबापूंचा करार संपत आला होता आणि या वेळी मध्ये सुट्टी न घेता पुढच्या करारावर दुसऱ्याच दिवशी सही करायची होती. हे फोनवर विचारण्यासारखं नव्हतं. फोनवर त्यांचा चेहरा मध्येच गोठतो, आणि त्यांच्या हाताच्या अंतरावर दुसरा कामगार झोपलेला असतो, म्हणून ते कुजबुजतात. धाकटीला समोरासमोर विचारायचं होतं. मी काजं करत बसले होते तेव्हा तिने माझ्यासमोर बोलूनही पाहिलं. “अहो, आता पुरे झालं. घरी या.” पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिचा आवाज कापला, तेव्हा मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, “बास. एवढंच बोल. याहून जास्त काही लागत नाही.”

त्या सकाळी तिने खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या.

जावईबापू आले ते घोड्यावर बसूनच. बंदरात असतानाही काही कामगारांना जहाजावर थांबावंच लागतं. त्या दिवशी पाळी त्यांची होती, ती त्यांनी खोलीतल्या सोबत्याच्या गळ्यात घातली होती. पाहुणे सगळे उतरल्याशिवाय कामगारांना सोडत नाहीत, त्यामुळे निम्मी सकाळ तिथेच गेली होती. जिन्यात मला वाकून नमस्कार केला, वर गेले, आणि थोड्याच वेळात धाकटी पर्स घेऊन खाली उतरली. एकटीच.

“कुठे निघालीस?” मी विचारलं.

“बंदराजवळच्या हॉटेलात. मालिश करून घ्यायला.” तिचा चेहरा रडू की हसू असा झाला होता. “त्यांनी माझ्यासाठी वेळ ठरवून ठेवलीय. म्हणाले, जहाजावरच्या सगळ्या बायका उतरल्या की पहिलं हेच करतात, तूही जरा आराम कर.”

“अगं पण तुला बोलायचं होतं ना?”

“इतक्या हौसेने ठरवलंय गं. नाही कसं म्हणू? परत आले की बोलते.” आणि गेली.

मी मशीनवर बसले, पण टाका सरळ पडेना. वरून कपाट सरकवल्याचा आवाज आला. मग पलंग. मग बादली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वर गेले.

दार सताड उघडं, आणि ते पुन्हा लागू नये म्हणून खाली लाकडाचा तुकडा अडकवलेला. खिडकीजवळच्या त्या दोन खुर्च्या एकावर एक चढवून कोपऱ्यात. जावईबापू बाह्या सरसावून न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसलेले. एवढ्या वेळात त्यांनी गळका नळ दुरुस्त केला होता, पंखे पुसले होते आणि गादीला ऊनही दाखवून आणलं होतं. काम बघत राहावं असं होतं, हे मी रागातही कबूल करते.

“जावईबापू, बायकोला घराबाहेर काढून फरशी कसली घासताय?”

“ताई, माणूस खोलीत असला की काम होत नाही,” ते हसत म्हणाले. “तिला सुख वाटलं पाहिजे. परत येईल तेव्हा सगळं कसं चकचकीत!”

“आणि तिच्याशी बोलणार कधी?”

“वेळ थोडा आहे ना, म्हणून मी आधी ठरवून टाकलं. आमचे पाहुणे करतात तसंच. बंदरात उतरले की लांबचं आधी उरकायचं, जवळचं शेवटी, म्हणजे जहाज चुकत नाही. बोलणं काय, जाता जाताही होईल.”

जवळचं शेवटी! मला त्यांचा खांदा धरून हलवावंसं वाटलं. पण जे विचारायचं ते धाकटीचं होतं, माझं नव्हे. मी एवढंच म्हटलं, “तिला तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचंय. फडकं ठेवा आणि हॉटेलात जा. आत्ता.”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. “काही चुकलं का माझं?” म्हणाले. काकूच्या घरातला पोरगाच माझ्यापुढे उभा राहिला, आणि माझा राग निम्मा तिथेच विरघळला. “नाही हो. जा तुम्ही.” “एवढी खोल्यांमधल्या बोळातली फरशी पुसतो आणि निघतो,” ते म्हणाले. अर्धवट टाकून जाणं त्यांच्या रक्तातच नाही.

ते बोळ पुसत असतानाच धाकटी परत आली. मालिश अर्धवट सोडून उठली होती, केसांना तेल तसंच. धावत जिना चढली असावी, धापा टाकत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, म्हणून सगळं मला दिसलं.

पावलं ऐकली आणि जावईबापूंनी काय केलं? चटकन बादली उचलली, भिंतीला पाठ लावून अंग चोरून उभे राहिले, मान किंचित झुकवली आणि हसले. जहाजावरच्या बोळात पाहुणा समोर आला की त्यांना असंच उभं राहावं लागतं. हसूही तेच. अदबशीर, कुणासाठीही असतं तसं. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. आपण काय केलं हे त्यांना कळलंही नव्हतं. बायको आत जायची वाट बघत ते तसेच उभे होते.

धाकटी जागच्या जागी थांबली. तिने आतल्या पलंगाकडे पाहिलं, चढवून ठेवलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“उद्या सही करायचीय ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“हो.”

“करा.”

“करू?”

“हो, करा.”

“बरं,” ते म्हणाले. “अगं...” मी पुढे झाले, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. मग त्यांनी तिला नळ उघडून दाखवला, थेंब गळत नाही म्हणून. ती “छान झालं” म्हणाली. निघताना त्यांनी दारातला लाकडाचा तुकडाही काढून पुसून ठेवला.

ते गेल्यावर मी तिला वाट्टेल तसं बोलले. तोंडाला काय कुलूप लागलं होतं का, विचारलं. ती पलंगाच्या कडेला बसून होती. “ताई, ते मला बघून बाजूला सरले गं,” ती म्हणाली. “परकी बाई आल्यासारखे. त्या माणसाला घरी या म्हणायचं तर मला आधी त्याला सांगावं लागलं असतं, की मी कोण आहे.”

पंधरवड्यात तिने घराला कुलूप लावलं आणि वसतिगृहात रुजू झाली. जावईबापूंना तिने फोनवर सांगितलं, तर ते “तुला बरं वाटेल तिथे” एवढंच म्हणाले म्हणे. तिला ते लागलं. मलाही लागलं.

पुढच्या हंगामात जहाज पुन्हा आलं. वसतिगृहाचं गाव इथून अख्ख्या दिवसाच्या वाटेवर, जाऊन परत येणं शक्यच नव्हतं. जावईबापू बंदरातून सरळ माझ्याकडे आले. मी त्यांना जेवायला वाढलं. ते या वेळी ‘पुरे’ म्हणाले नाहीत, पण घासही उतरत नव्हता. माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसून वर छताकडे बघत होते.

“ताई, त्या दिवशी ती काय बोलणार होती?”

मी सांगून टाकलं. आता लपवून कुणाचं भलं होणार होतं? लाँड्रीचं दुकान, वसतिगृहाची नोकरी, ते तोंडपाठ केलेलं वाक्य, सगळं सांगितलं.

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “मी हो म्हणालो असतो.”

“मग ‘बरं’ का म्हणालात? सही का केलीत?”

“ती म्हणाली करा. मला वाटलं, तिला तसंच हवंय.” त्यांनी डोळे पुसले, अगदी उघडपणे. “घरात मी नकोसा असेन, असं मला वाटलं, ताई.”

मी माझा फोन त्यांच्या हातात कोंबला. “लावा. आत्ता लावा.” त्यांनी लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. वसतिगृहात त्या वेळी तिला क्षणाची उसंत नसते, हे मला माहीत होतं, तरी मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी ते उठले. जहाज कुणासाठी थांबत नाही.

ते जाऊन तास झाला असेल नसेल, तिचा फोन आला. “ताई, फोन केला होतास?”

“मी नाही. जावईबापूंनी. गेले आता.”

“काय म्हणत होते?”

“तू विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो, म्हणाले.”

तिच्या मागे ताटांचा आवाज येत होता, कुणीतरी मुलगी ‘मॅडम, मॅडम’ करत होती. मी म्हटलं, “अगं, ऐकतेयस ना?”

“ऐकतेय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “ठेवते गं. मुली जेवायच्या थांबल्यात.”