कोपरा फाटलेलं कार्ड

माझ्या आईने एकदा माझ्या जिवंत बापाला मारलं होतं. पोस्टकार्डावर.

आज पहाटे बोरिवलीला आई स्वतः गेली. म्हणून आता सांगते. ती असताना सांगितलं असतं तर माझी वाट लावली असती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मालाडला चाळीत राहायचो. बाबा अंधेरीच्या एका औषध कंपनीत फिटर. गावी, कुडाळच्या अलीकडे, मोठे काका शेती बघायचे. बाबा त्यांना दादा म्हणायचे, म्हणून आम्हीही दादाच.

आजी आजारी होती तेव्हा बाबा आज जातो, उद्या जातो करत राहिले. ओव्हरटाइम चालू होता. पोचले तेव्हा चिता विझलेली होती.

बाराव्याला भरल्या अंगणात, सगळ्या भावकीसमोर, बाबा दादांना म्हणाले, तूच आईला औषधावाचून मारलीस.

दादांनी त्या दिवसापासून बाबांशी बोलणंच टाकलं.

मग बाबांची पत्रं सुरू झाली. दादा, चुकलो, माफ कर. दर सणाला एक इनलँड. दादांना वाचता यायचं नाही. पोस्टमन पाठवणाऱ्याचं नाव-गाव सांगायचा, आणि मालाड ऐकलं की दादा म्हणायचे, परत धाड.

प्रत्येक पत्र न फोडता परत यायचं.

गणपतीला आख्खी चाळ गावाला जायची. आम्ही तेवढे मागे. बाबा रिकाम्या चाळीच्या गॅलरीत बसायचे आणि ताट तसंच सरकवायचे. कोकणातल्या माणसाला गणपतीत स्वतःच्या घरी जाता येत नाही, याच्यासारखी शिक्षा नाही हो.

शेवटी आई म्हणाली, इनलँड नको, साधं कार्ड लिहा. माफी मागताय, त्यात झाकायचं काय?

बाबांनी लिहिलं. आई बाजारात जाता जाता टाकायला घेऊन गेली. आणि पेटीजवळ उभं राहून तिने कार्डाचा कोपरा फाडला.

आजच्या पोरांना माहीत नसेल. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे घरात कोणीतरी गेलं. ते कोणी नाकारत नाही. वाचत बसत नाही. फाडायचं, आंघोळ करायची, निघायचं. वर बाबांनी नेहमीसारखं श्री घातलं होतं, जे मयताच्या कार्डावर नसतं, पण फाटका कोपरा दिसल्यावर श्रीकडे कोण बघतो!

पोस्टमनने लांबूनच कार्ड पुढे केलं आणि म्हणाला, मालाडचा.

दादांनी ते तिथेच फाडलं, विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि मिळेल ती एसटी धरली.

सकाळी बाबा गॅलरीत आरसा टांगून दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस. समोरून दादा येताना दिसले. हात रिकामे. गावचा माणूस मुंबईला येतो आणि हातात नारळ नाही, कोकम नाही, म्हणजे कशाला आलाय ते चाळीत सगळ्यांना कळतं.

दादांनी बाबांना बघितलं आणि पायरीवर बसूनच घेतलं.

"जितो आसस?"

"होय, दादा."

दादा रडले. एवढा मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदा बघितला. मग उठले आणि बाबांच्या फेस नसलेल्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली.

म्हणाले, "कार्डात काय लिवलेलंस?"

"वाचूक नाय?"

"फाडून टाकलंय. आता तोंडान सांग."

चाळ गोळा झाली होती. बाबांनी आजूबाजूला बघितलं. आत चल म्हणतील असं मला वाटलं. पण ते तिथेच, सगळ्यांसमोर बोलले.

"दादा, आयेक तू मारूक नाय. मी वेळेर पोचाक नाय, ता माका खाय होता. ता तुझ्यार काढलंय. चुकलंय."



"ह्या तेव्हाच बोलाक व्हया होता मां रे," दादा म्हणाले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी बाबांचा फेस पुसला.

मग विचारलं, कोपरा कोणी फाडला? आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. म्हणाली, मी. दादा तिच्या कपाळाकडे बघत राहिले.

"स्वतःच्या कुकवार हात घातलंस गो बाये?"

"जेवत नव्हते हो ते, भाऊजी. मग काय करू?"

त्या वर्षी गणपतीला आम्ही गावी होतो.

पण आई ते विसरली नाही. बाबांना साधा ताप आला तरी ती रात्रभर उशाशी बसायची. वटपौर्णिमेला ती पाणीसुद्धा प्यायची नाही. आम्ही चिडवायचो, अगं सावित्रीने पण एवढं केलं नसेल. ती हसायची नाही.

बाबा त्यानंतर कितीतरी वर्षं जगले. गेले तेव्हा आईचं पहिलं वाक्य होतं, मी कोपरा फाडला होता ना. मग तिने जेवणच सोडलं.

दादा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी आपल्या मुलाकडून, संजूकडून, आईला कार्ड लिहून घेतलं. चारही कोपरे धड. मीच वाचून दाखवलं. लिहिलं होतं, "तू त्याला मारलंस म्हणून माझा भाऊ मला परत मिळाला. तुझ्यावर कसलं पाप नाही. जेवत जा."

आई म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. मग तिने भात मागितला.

आज सकाळी मी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. सगळ्यांचे जोडलेले हात येऊ लागले. संजूचा मात्र फोन आला. आता तोही साठीचा आहे. रडत होता.

"खरा मां गो? की काकीन परत कोपरो फाडल्यान?"



"ह्या खेपेक खरा रे, संजू."

तो निघालाय. हातात काही न घेता येईल, मला माहीत आहे.

निघणाऱ्याला जा म्हणायचं नसतं. ये, आई.