नाव घेऊन केलेली प्रार्थना

लिंबायतच्या सरलाबाईंना पोरं उगाच नाही वचकून असत. दिवसभर मशीनवर साड्यांना लेस लावायची आणि रविवारी चर्चमधली उपासना संपली की मंडळीतल्या तरुण पोरापोरींना घेऊन बसायचं, हा त्यांचा चौदा वर्षांचा नेम. आठवड्याला एक सद्गुण. नुसता पाठ करून भागत नाही हो. पुढच्या रविवारी तो कुठं वापरला ते सांगावं लागतं. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत जाणाऱ्या योगेशनं दोस्ताच्या हजेरीचं कार्ड पंच करणं बंद केलं, ते बाईंच्याच धाकानं.

अशा या बाई प्रार्थनेत डोळे मिटत नाहीत. मिटले की नीलम दिसते.

मंडळीतल्याच केशरबाईंची ही लेक सात वर्षांपूर्वी नर्सिंगला होती. एका पेपरात तिनं कॉपी केली आणि ते तिला पचेना. सरलाबाईंपाशी येऊन तिनं मन मोकळं केलं. सोमवारी मी स्वतःच कॉलेजात सांगते, म्हणाली. त्याआधी शुक्रवारची प्रार्थना सभा आली. पाळकांनी विनंत्या विचारल्या आणि बाई उठल्या. नीलमनं परीक्षेत कॉपी केलीय, तिच्यासाठी प्रार्थना करा, म्हणाल्या. चांगलं नाव घेऊन! सगळ्यांनी डोळे मिटले. एकटी नीलम टक्क उघड्या डोळ्यांनी बाईंकडे बघत राहिली. सोमवारी ती कॉलेजात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. तिला काढून टाकलं. आठवडाभरात पोरगी घर सोडून गेली.

बरं, बाईंना कुणी बोल लावला? छे! काळजीपोटीच केलीत ना प्रार्थना, असं म्हणून लोक उलट त्यांचीच समजूत घालत. हेच त्यांना खात राहिलं. काळजी होतीच, पण पोरी मला सगळं सांगतात हा तोराही होता, आणि तो त्यांना एकट्यांना ठाऊक होता. मशीनच्या खडखडाटातसुद्धा नीलमचा आवाज कानाशी यायचा. केशरबाईंना कुणी लेकीचं विचारलं की त्या नुसतं देव जाणे म्हणायच्या, आणि बाई तिथून काढता पाय घ्यायच्या.

जिभेवर ताबा, हा एक विषय बाई सात वर्षं टाळत आल्या. यंदा वृषाली नावाच्या पोरीनं तो मागून घेतला, आणि सरळ तोंडावर विचारलं, "मावशी, तुमची जीभ कधी घसरली का?"

पुढच्या रविवारी सांगते, असं म्हणून बाईंनी वेळ मारून नेली आणि तडक केशरबाईंचं घर गाठलं. पोरांपुढे बोलायचं तर आधी या माउलीपुढे बोलायला हवं. तिनं हाकलून दिलं तर पोरांना शिकवणंही सोडायचं, असं ठरवूनच त्या गेल्या.

तोऱ्यासकट सगळं सांगितलं. केशरबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"माले माहीत शे, सरला," त्या म्हणाल्या. निवडलेली पानं बाजूला सारून पुढे बोलल्या, "आज आपल्या तोंडानं कबूल केलंस, म्हणून सांगते. नीलम बरी आहे. लग्न झालंय. दर आठवड्याला फोन करते मला."

सरलाबाईंना रडू आवरेना. सात वर्षं मला का नाही सांगितलंस, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

"तू प्रार्थना केली असतीस," केशरबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी बाईंनी पोरांना आपली चूक सांगितली, काही न लपवता. मग त्या ताई आता कुठं असतात, वृषालीनं विचारलं. बरी आहे, एवढं म्हटलं असतं तरी बाईंच्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला असता.

"ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या.

पोरांनी माना खाली घातल्या. ती ताई या जगात नाही, असंच त्यांना वाटलं, आणि बाईंनी ते तसं वाटू दिलं.