शेंदराखालचा हात
तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की पाचोडचं आमचं शेत आठवतं. बांधावरच्या म्हसोबाजवळ बायांनी जायचं नाही, म्हणून काकी लांबूनच हात जोडायची. एका उन्हाळ्यात शेंदराचा जाड थर निखळून पडला अन् खालच्या दगडावर कोरलेला, बांगड्या भरलेला हात दिसला. काका दचकले, "आरं, हा तर सतीचा दगड! आपल्या बांधावर हाय म्हंजी आपल्याच घरातली कुणीतरी जुनी बाई." "अन् मला बाई म्हणून लांब ठिवलं व्हय!" म्हणत काकीनं पुढं होऊन हळदीकुंकू लावलं. त्या सतीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. "मग भ्या वाटलं तर हाक कशी मारायची?" मी घाबरून विचारलं. "आजीला कुणी नावानं हाक मारतं व्हय?" काकी हसली. पुढं शाळा सोडून मी इतक्या लांब कामाला आलो. धास्ती वाटली की अजून तेवढंच म्हणतो, आजी.