सातवीतला रजाकार

आमच्या गावच्या शाळेत दरसाल सतरा सप्टेंबरला सातवीतली पोरं नाटक करतात. नाटक म्हणजे एकच प्रवेश, नाक्यावरच्या लढाईचा. निजामाच्या राज्यात गावाबाहेर जकातीचा नाका होता. तिथं रजाकारांची टोळी बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला नाडायची, आणि एके दिवशी गावच्या माणसांनी तो नाका जाळला. त्या लढाईनंच या पट्ट्यातला निजामाचा धाक मोडला असं आमच्याकडं मानतात. देशाला स्वातंत्र्य मिळालं तरी पुढं वर्षभर आम्ही निजामाच्याच टाचेखाली होतो, त्यामुळं या दिवसाचं कौतुक आम्हाला पंधरा ऑगस्टपेक्षा काकणभर जास्तच. मलाही होतं. आता होतं असंच लिहावं लागतंय.

गेल्या साली माझी लेक सातवीत होती. नाटकाच्या शेवटी एक मुलगी धावत येते आणि जळक्या नाक्यावर तिरंगा लावते. लेकीला तेच काम पाहिजे होतं. शाळेत तिच्याइतकं जोरात कुणी पळत नाही, हे सगळे कबूल करतात. पावसाळाभर ती उसाचं टिपरू उंच धरून अंगणात पळायची, वाळत घातलेले कपडे चिखलात पाडायची आणि माझ्या शिव्या खायची. मग एके दिवशी शाळेतून आली ती दप्तर टाकून भिंतीला टेकून बसली. "अम्मी, मला रजाकार केलं."

सातवीच्या वर्गात मुसलमानाचं लेकरू एकच, ते माझं. मिसरूड फुटायला आलेली आडदांड पोरं तिथं पैशाला पासरी आहेत, पण रजाकारांचा म्होरक्या कोण, तर माझी वाळकुडी पोरगी!

मी शेजारच्या गावात मराठी शिकवते. त्यामुळं नाटक बसवणारे गुरुजी ओळखीचे. माणूस वाईट नाही, आणि तेच मला जास्त लागलं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मी शाळेत जाऊन त्यांना भेटले. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. नाटकच हाय ते. आन् रजाकाराचं बोलनं सगळं उर्दूत. तुमच्या पोरीशिवाय कुनाला जमनार?"

"गुरुजी, तिला उर्दू येत नाही."

"आता असं कसं म्हनता?" गुरुजी हसले. मी लाजून नाही म्हणतेय असं त्यांना वाटलं असावं.

घरात आम्ही बोलतो ती दखनी, आणि त्यातही निम्मी मराठीच. उर्दूचं अक्षर माझ्या घरात कुणाला वाचता येत नाही. गुरुजींनी पुढं विचारलं, घरी एखादी जुनी शेरवानी असेल तर द्याल का? माझं माहेरही याच गावचं; आजोबा जन्मभर धोतर नेसले आणि डोक्याला पटका बांधून औतामागं चालले. शेरवानी त्यांनी पाहिली असेल ती दुसऱ्याच्या अंगावर.

आजोबांचं नाव निघालंच, तेव्हा मी बोलले. नाका जाळणाऱ्यांतले दोघे आमच्या कडब्याच्या गंजीत लपले होते. रजाकारांनी आजोबांना चावडीपुढं बडवलं, हात मोडला, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. हात वाकडाच सांधला. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं फौज आली, निजाम गेला, रजाकारांचा राग गावोगावच्या मुसलमानांवर निघाला, आणि त्या धामधुमीत आमच्या घराचं काय झालं ते मात्र गावात कुणी सांगत नाही. आमच्या घरातही नाही.

"तर मग आजोबांचं काम द्या तिला," मी म्हणाले.

गुरुजी खरोखर विचारात पडले. "ते पात्रच न्हाई ना नाटकात," म्हणाले. "पुढल्या साली बघू."

पुढल्या साली ती या नाटकात नसणार, हे त्यांनाही माहीत होतं. घरी येऊन मी भांडी आपटली. नवऱ्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, सगळं गाव गिऱ्हाईक. तो म्हणाला, "कायको बढा रई बात? इसीच गाँव में रहना है ना?" मला त्याचा राग आला आणि त्याचं खोटं नाही म्हणून जास्तच आला.

झेंड्याचं काम शेजारच्या वाण्याच्या पोरीला मिळालं. तिला पळता येत नाही, पण टीव्हीवरच्या मालिका बघून बघून हिंदी फर्डं येतं. तिनंच आमच्या अंगणात बसून माझ्या लेकीला 'गुस्ताख' आणि 'खामोश' कसं म्हणायचं ते शिकवलं. माझ्या पोरीला उर्दू शिकवली ती वाण्याच्या पोरीनं! मी आत भाकरी थापत ऐकत होते. हसूही येत होतं आणि भाकरीवर थापा जोरात पडत होत्या.

नाटकाच्या दिवशी काजळाची दाढी काढलेली माझी लेक ओरडली, पाय आपटले, गोळी लागून पडली. पडल्यावर मांडवात जी शिट्टी-आरोळी उठली तशी झेंडा लावताना उठली नाही. अभिनयाचं पहिलं बक्षीस तिलाच. पाहुणे तिच्या पाठीवर थाप मारून माईकवर म्हणाले, "पोरगी एकदम अस्सल रजाकार वाटली बरं का!" सगळे हसले. लेक तर फुलून गेली होती. मी टाळ्या वाजवल्या. बायका माझ्याकडं बघत होत्या, न वाजवून करते काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणी तिला शाळेला न्यायला आल्या. वाण्याची पोरगी पुढं होती. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, रोजच्यासारखीच प्रेमानं तिनं दारातून हाक मारली, "ए रजाकार, चल की, उशीर व्हायलाय!"

माझा हात वेणी घालता घालता थांबला. वाटलं, आता ही चिडेल, निदान रडेल तरी. तिनं माझ्या हातातली वेणी सोडवून घेतली, रिबीन तोंडात धरून स्वतःच गाठ मारली आणि दप्तर उचललं.

"आले गं, थांबा!" माझ्या लेकीनं ओ दिली.