नव्या नंबरचा मोर

शुद्धलेखन चुकलं असेल, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी ही वही उघडलीच तर माफ करावं.

वारज्यात घरीच माझं भरतकामाचं मशीन आहे. नक्षी जुन्या कॉम्प्युटरवर उघडायची, तिचे टाके करायचे आणि मशीनला द्यायचे. त्या कॉम्प्युटरवर मुलीने लिनक्स घालून दिलं. त्यातले प्रोग्राम त्याच्याच भांडारातून घेतात, पैसे पडत नाहीत. मुलगी परीक्षेसाठी कर्वेनगरला मैत्रिणीकडे राहत होती, तेव्हा माझ्या हातून टाक्यांचा प्रोग्राम पुसला गेला. घरात हडपसरच्या एका दुकानदारांचे चार रेशमी ब्लाउजपीस होते, लग्नाचे, मोर काढायला आलेले. हे दुकानदार सोडले तर मला काम देणारं दुसरं कुणी नव्हतं.

भांडार उघडलं तर एकाच नावाची दोन पॅकेजं. एकावर लहान नंबर, दुसऱ्यावर मोठा, आणि तारीख त्याच आठवड्याची. पावाचं पाकीट घेताना मी तारीख बघते. तसंच ताजं ते घेतलं. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. शेजारी विचारायची लाज वाटली.

पडद्यावर मोर छान दिसत होता. पीस लावला आणि कणीक मळायला गेले. मशीनचा आवाज बदलला म्हणून धावत आले. सुई मोराच्या गळ्यापाशी एकाच जागी खालीवर होत होती. कापड फाटलं होतं. मला वाटलं, सुई बोथट झाली. नवी लावली. दुसरा पीसही तसाच गेला. दोन्ही पीस ज्वारीच्या डब्यामागे लपवले. दुकानदारांचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही.

परीक्षा संपवून मुलगी आली. "आई, हे डेव्हलपमेंट व्हर्जन आहे. अजून तयार होतंय. आपलं स्टेबल होतं, तपासून पक्कं केलेलं."

"मग कच्चं मांडतात कशाला?"

"वापरून चुका कळवणाऱ्यांसाठी. खाली लिहिलंय की."

"नवं होतं गं."

"तांदूळ घेताना मात्र जुना मागतेस."

तिने लहान नंबरचं पॅकेज घातलं. नव्यात साठवलेला मोर त्यात उघडेना, म्हणून मूळ नक्षीवरून पुन्हा टाके केले. आधी जुन्या चादरीवर मोर काढून पाहिला, मग उरलेले दोन पीस केले.

हडपसरच्या बसमध्ये काय बोलायचं ते घोकत गेले. काउंटरपाशी सगळं विसरले, चारही पीस नुसते पुढे केले, फाटके वर.

"अहो, मी मोर सांगितला होता," दुकानदार म्हणाले. "ही गाळणी कुणाला घालू?"

"चूक माझी. कापडाचे पैसे देते."

"आपण फोन उचलत नाही, पैसे काय देणार!" मग त्यांनी चांगले दोन पीस उलटसुलट करून पाहिले. मला वाटलं, संपलं सगळं. "तसलंच कापड आणवतो. पैसे मजुरीतून कापेन. शुक्रवारपर्यंत हवंय."

तेव्हापासून प्रत्येक नक्षी आधी चादरीवर. तरी मशीन चालू असताना मी तिथून हलत नाही. कॉम्प्युटर अधूनमधून मोठा नंबर दाखवतो, तेव्हा मी हात मांडीखाली घेऊन बसते.

काल मजुरी जास्त वाटली. मोजून जास्तीचे पैसे परत काउंटरवर ठेवले.

"उचला," दुकानदार म्हणाले. "गाळणी फिटली."